जिभेखालची गोळी आणि ९५ किलोमीटर

प्रश्न: माझा धाकटा दीर २७ वर्षांचा आहे. वाशीच्या मार्केटात टेम्पोवर होता, तिथे त्याला गर्दची (ब्राउन शुगरची) सवय लागली. चार वर्षांपूर्वी आम्ही त्याला गावी आणलं. खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात दोनदा तीन-तीन महिने ठेवलं, त्यात एक एकर रान गहाण पडलं. दोन्ही वेळा घरी आल्यावर पंधरा दिवसांच्या आत पुन्हा तेच. दुसऱ्या वेळी तर गोठ्यात बेशुद्ध सापडला. आता अकरा महिने झाले, सरकारी मेडिकल कॉलेजातून जिभेखाली ठेवायची गोळी चालू आहे. गर्द सुटली आहे. गॅरेजात कामाला जातो, पोटभर जेवतो, माझ्या मुलीचा अभ्यास घेतो. पण दवाखाना ९५ किलोमीटरवर. दर मंगळवारी पहाटेची एसटी, परत यायला रात्र. त्या दिवसाची मजुरी बुडते, गॅरेजवाला कुरकुर करतो. गेल्या पावसाळ्यात पूल पाण्याखाली गेला, दोन आठवडे जाता आलं नाही, तेव्हा त्याने एकदा झुरका मारलाच. सासरे म्हणतात, एक नशा सोडली न् दुसरी धरली. आता लग्नाचं बघायचंय, गोळी बंद करा. गोळी बंद करावी का? नाही तर किती दिवस चालणार? आणि ही गोळी आमच्या तालुक्याला का मिळत नाही?
– एक वहिनी, मराठवाडा

ताई,

गोळी बंद करू नका. बाकीचं उत्तर सवडीने वाचलंत तरी चालेल, पण एवढं वाक्य आज रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यांना वाचून दाखवा. तुम्हाला वाद घालता येत नसेल तर हा कागद पुढे करा. डॉक्टरीणबाई असं म्हणते, म्हणून सांगा.

कारण तुमच्याच पत्रात आहे. दीर गोठ्यात बेशुद्ध सापडला, असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. मी त्या ओळीशी थांबले. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला तेवढ्या मापाची सवय झालेली असते. तीन महिने सगळं बंद राहिलं की ती सवय मोडते, तलफ मात्र मोडत नाही. मग माणूस घरी येतो, कुठून तरी पुडी मिळवतो आणि हात जुन्याच मापाने चालतो. शरीराला आता ते माप झेपत नाही. श्वास मंदावत जातो आणि थांबतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे या आजारात सगळ्यात घातक असतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक मुलगा असाच तीन महिने पुरे करून, पेढे वाटून घरी गेला आणि चौथ्या दिवशी सकाळी उठला नाही. त्याची आई मला म्हणाली, रात्री जोरजोरात घोरत होता, बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली म्हणून आम्ही हलवलं नाही. ते घोरणं म्हणजे अडकत चाललेला श्वास होता. त्या आईचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून गर्द घेणाऱ्या कुणालाही नुसतं कोरडं करून, पुढच्या औषधाशिवाय घरी पाठवायला माझं मन धजत नाही. तुमचा दीर त्या गोठ्यातून जिवंत उठला. तीच वेळ त्याच्यावर पुन्हा आणायची नाही.

सासऱ्यांच्या बोलण्याचा मला राग येत नाही. एक एकर रान घालवून बसलेल्या बापाला पोरगं पूर्ण मोकळं झालेलं बघायचं असतं. आणि खरं सांगायचं तर ही गोळी गर्दसारखीच अफूच्या कुळातली आहे. तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन; बहुतेक ठिकाणी तिच्यात नॅलोक्झोन मिसळलेलं असतं, म्हणजे कुणी ती विरघळवून सुईने घेऊ गेला तर ती अंगावर उलटते. कुळ एक असलं तरी दोघांची वागणूक मात्र वेगळी. गर्द झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. उतरली की नाक गळतं, हाडं ठणकतात, अंगावर काटा येतो, जुलाब लागतात. मुंबई-पुण्याकडची पोरं याला टर्की म्हणतात. ती टाळायला पुन्हा पुडी, पुडीसाठी पैसे, पैशांसाठी खोटं. दिवसाचे सगळे तास त्यातच जातात. गोळी हळू चढते, अख्खा दिवस टिकते, आणि एका मर्यादेपलीकडे तिचा असर वाढत नाही. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तशी ही गोळी मेंदूतली ती जागा धरून बसते. मागून गर्द आली तरी तिला बसायला जागा उरत नाही. त्यामुळे टर्की लागत नाही आणि झिंगही येत नाही.

शरीराला गोळीची सवय होते, हे खरं आहे. उद्या एकदम बंद केली तर त्रास होईल. पण व्यसन कशाला म्हणायचं? गर्द घेत असताना हा मुलगा घरातलं काय काय विकत होता, ते तुम्हाला माहीत आहे. आज तो तुमच्या मुलीला पाढे शिकवतोय. हा फरक सासऱ्यांनी अकरा महिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. माझ्याकडे याहून मोठा पुरावा नाही. जगाच्या पातळीवरचा पुरावा हवा असेल तर तोही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. निरनिराळ्या देशांत पाहिलं गेलं, तेव्हा उपचार चालू असलेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाण उपचार सोडलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी आढळलं.

किती दिवस? याला तारीख नसते. निदान वर्ष-दीड वर्ष तरी बहुतेकांना लागतं, पुष्कळांना कितीतरी जास्त, आणि काहींना कायम. कमी करायची वेळ आली की दीर आणि त्याचे डॉक्टर मिळून ठरवतील आणि मात्रा महिनोन्‌महिने थोडी थोडी उतरवतील. लग्नाचा मुहूर्त धरून ती उतरवायची नसते.

घरात काही गोष्टी मात्र कडक पाळा. गोळ्यांचा डबा कुलपात, तोही तुमच्या हाती. तुमच्याकडे लहान मुलगी आहे, आणि यातली एक गोळीसुद्धा लेकराचा श्वास रोखू शकते. गोळीवर दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत. मोठ्या माणसासाठी एरवी बरंच सुरक्षित असलेलं हे औषध बहुतेक वेळा त्या जोडीनेच जीव घेतं. गोळी पूर्ण विरघळली की पाण्याने चूळ भरायची आणि दात घासायला तासभर थांबायचं, नाहीतर दात किडतात. बद्धकोष्ठ होतं, तर भाकरीबरोबर पालेभाजी आणि पाणी वाढवा. अपघात झाला, ऑपरेशनची वेळ आली, तर डॉक्टरांना या गोळीबद्दल आधी सांगा. आणि खंड पडून मधे गर्द घेतली गेलीच, तर घाईने लगेच गोळी टाकायची नाही. गर्द अंगात असताना गोळी घेतली तर ती गर्दला जागेवरून ढकलते आणि एरवीपेक्षा भयंकर टर्की लागते. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं, आणि लाजायचं नाही. चार दिवसांचा खंड पडला म्हणून अकरा महिने वाया गेले, असं कुणालाही म्हणू देऊ नका.

देव न करो, पण पुन्हा कधी तो बेशुद्ध दिसला, ओठ निळे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास घरघरत किंवा थांबत थांबत, तर १०८ला फोन करा आणि गर्दचा संशय आहे असं स्पष्ट सांगा. कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. मिठाचं पाणी, ताक, लिंबू, काही पाजू नका. नॅलोक्झोन नावाचं इंजेक्शन अशा माणसाला मिनिटांत परत आणतं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते आहे का, हे आजच विचारून ठेवा. नसेल तर मागवायला सांगा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तुम्ही तो शेवटी, भीत भीत विचारलाय असं वाटलं. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. तुमच्या दिराची इच्छाशक्ती कमी पडलेली नाही. पहाटेची एसटी गाठून दर मंगळवारी १९० किलोमीटर जाणंयेणं करणाऱ्या माणसाला कुणी निश्चयाचे धडे देऊ नयेत. तो घसरला तो पूल बुडाला तेव्हा. म्हणजे कमी करायचं आहे ते अंतर.

गोळी तालुक्याला नाही, याची कारणं जुनी आहेत. ब्युप्रेनॉर्फिन १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे ते मान्यता असलेल्या केंद्रांना आणि रुग्णालयांनाच पुरवलं जातं. तुमच्या बाजारपेठेतल्या मेडिकलवाल्याकडे ते सापडणार नाही. एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून ते मोफत मिळतं, पण ते मुख्यतः सुईने नशा करणाऱ्यांसाठी, कारण तिथला हेतू एचआयव्ही रोखण्याचा होता. पन्नीवर गर्द जाळून धूर ओढणारा त्या चौकटीत बसत नाही. एम्सच्या पुढाकाराने काही सरकारी रुग्णालयांत व्यसन उपचार केंद्रं निघाली, तिथे औषध फुकट मिळतं, पण ती मोठ्या गावी. आणि २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनी एनडीपीएस कायद्यातली औषधं फोनवरच्या तपासणीवरून लिहून द्यायला मनाई केली. म्हणजे बीपीच्या गोळीसाठी जो रस्ता उघडला, तो याच रुग्णांसाठी बंद राहिला.

त्यात आपल्याकडे व्यसनमुक्ती म्हटलं की भरती होणं, हेच डोळ्यांसमोर येतं. ऐंशीच्या दशकात गर्दने मुंबई-पुण्याची तरुण पोरं ओढली, तेव्हा १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. व्यसन हा आजार आहे, व्यसनी माणसाला मारायचं नसतं, हे महाराष्ट्राच्या गळी उतरवण्यात त्या लोकांचा मोठा वाटा आहे, आणि माझ्यासारख्या अनेकांनी त्यातून खूप घेतलं. पण त्या चांगल्या कामाची नक्कल म्हणून गावोगाव जी खाजगी केंद्रं निघाली, त्यांतल्या कित्येकांकडे भिंती आणि कुलपं आहेत, डॉक्टर नाही. तुमची जमीन अशाच एका कुलपापायी गहाण पडली. नंतर उपयोगी पडली ती घरी राहून, काम करत घेता येणारी गोळी.

तुमच्या घरात जुन्या पिढीत कुणाला टीबी झाला होता का? सासऱ्यांना विचारा. त्या काळी टीबी म्हणजे मिरजेचं सॅनेटोरियम, महिनोन्‌महिने घरापासून दूर. मग मद्रासमध्ये एक अभ्यास झाला. काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवलं, काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या घरी राहू देऊन तीच औषधं दिली. १९५९ मध्ये निकाल आला: घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले, आणि घरच्यांना लागण व्हायचं प्रमाणही वाढलं नाही. त्यानंतर जगभर टीबीचा उपचार घराकडे वळला. आज तुमच्या गावची आशाताई टीबीच्या गोळ्या दारात आणून देते आणि गिळलेली बघून जाते. ज्या देशाने जगाला हे शिकवलं, त्याला ब्युप्रेनॉर्फिनची गोळी तालुक्यापर्यंत नेणं जमू नये, हे मला पटत नाही.

आणि जमलेलं आहे. पंजाबने २०१७ मध्ये या गोळीसाठी बाह्यरुग्ण केंद्रं सुरू केली. भरती नाही, जायचं, गोळी घ्यायची, कामाला लागायचं. तीन जिल्ह्यांपासून सुरुवात झाली, मग ती राज्यभर पसरली. २०२० च्या टाळेबंदीत तिथे काही आठवड्यांच्या गोळ्या एकदम घरी न्यायला मुभा दिली गेली. फ्रान्सने १९९६ पासून साध्या फॅमिली डॉक्टरांनाही हे औषध लिहू दिलं; १९९५ ते १९९९ या काळात तिथले अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत डॉक्टरांना यासाठी वेगळा परवाना काढावा लागायचा, आणि खेड्यापाड्यांत असा परवाना असलेला डॉक्टरच सापडायचा नाही. तिथे नशेच्या अतिमात्रेने लाखो माणसं दगावल्यावर, २०२२ च्या डिसेंबरअखेर ती अट काढली गेली. त्यांच्या व्हरमाँट राज्याची पद्धत आपल्याला फार जवळची वाटावी अशी आहे: मोठ्या केंद्रात उपचार सुरू करायचा, माणूस स्थिर झाला की पुढचं औषध गावाजवळच्या डॉक्टरकडून. तुमच्या दिराला नेमकं हेच हवं आहे.

आपल्याकडे अशी माणसं थोडी आहेत असंही नाही. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेलं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. अफूच्या कुळातल्या नशेपायी मदतीची गरज असलेले सुमारे ७७ लाख लोक त्यात निघाले. निम्म्याहून जास्त मोजक्या आठ राज्यांत, आणि त्या आठांत महाराष्ट्र आहे. बेकायदा नशेत अडकलेल्या वीसांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळतो, असं तेच सर्वेक्षण सांगतं. तुमचा दीर त्या वीसांतला एक आहे ताई. उरलेल्या एकोणीसांतले काही तुमच्याच तालुक्यात, कुणाच्या तरी गोठ्यात आहेत.

तर करायचं काय? पहिली मागणी दिराने स्वतः, येत्या मंगळवारी करायची, आणि त्या दिवशी तुम्ही त्याच्याबरोबर जा. डॉक्टरांना सांगा की अकरा महिने नियमित आहे, काम करतो, डबा माझ्या कुलपात असतो. आता आठवड्याऐवजी दोन आठवड्यांच्या गोळ्या मिळतील का? देणं न देणं त्यांच्या हातात आहे आणि त्यांना जपून पाऊल टाकावं लागतं, कारण या गोळ्या बाजारात विकल्या जातात. पण गोळ्या सांभाळणारं जबाबदार माणूस समोर बसलेलं असलं की डॉक्टरांनाही धीर येतो. गोळ्यांची रिकामी पाकिटं न टाकता परत नेऊन दाखवा.

दुसरी मागणी गावाची. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावाने अर्ज लिहा, प्रत जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाला. या कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी येतं. तुमच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात कोणत्या वारी येतं ते आशाताईकडून काढून घ्या. मागणी अशी: मेडिकल कॉलेजात स्थिर झालेल्या रुग्णांना पुढचं ब्युप्रेनॉर्फिन तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून मिळावं आणि त्यासाठी लागणारी मान्यता त्या रुग्णालयाला मिळवून द्यावी. अर्जात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ चा उल्लेख करा. मद्य आणि अमली पदार्थांमुळे होणारे आजार या कायद्याने मानसिक आजारात धरलेत, आणि उपचार परवडणारे, पुरेसे आणि भौगोलिकदृष्ट्या आवाक्यातले असावेत असं ते कलम म्हणतं. त्यातले ‘भौगोलिकदृष्ट्या आवाक्यातले’ हे शब्द अधोरेखित करा. एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात नशामुक्त भारत अभियानाच्या समितीकडे. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.

या अर्जात दिराचं नाव घालायची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव करून घेता आला तर उत्तम, तोही कुणाचं नाव न घेता. पोलिसांची भीती वाटत असेल तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४अ लक्षात ठेवा: नशा केल्याबद्दल किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याबद्दल गुन्हा असलेला माणूस स्वतःहून सरकारी वा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण जाऊ शकतं. म्हणून अकरा महिन्यांचे केस पेपर जपून ठेवा. अधेमधे बोलायला कुणी हवं असेल तर व्यसनमुक्तीची केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि मन फार खचलं, त्याचं किंवा तुमचं, तर टेलिमानस १४४१६. दोन्ही फुकट.

लग्नाचं. मुलीला आधी सांगायचं, आणि ते दिराने स्वतः सांगायचं. पाहुण्यांच्या बैठकीत नको, तिच्याशी आणि तिच्या आईवडिलांशी निवांत बोलून. गोळी चालू आहे हेही. लपवून झालेल्या लग्नात तो गोळी लपून घेईल, मग चुकवेल, मग सोडेल, आणि त्याची किंमत एक परकी पोर मोजेल. स्थळ मोडलं तर मोडू द्या. वर्षभर थांबायची तयारी ठेवा, ही माझी सासऱ्यांना हात जोडून विनंती आहे.

अर्ज पावसाळ्याआधी, मे महिन्यातच द्या, आणि येत्या मंगळवारी डॉक्टरांना पुलाबद्दलही सांगा. पाणी चढलेल्या आठवड्यात गोळ्या कुठून मिळतील, हे केस पेपरवर लिहून घेतल्याशिवाय परतीची एसटी धरू नका.